खातं एक, नावं बारा

आमच्या भातकुलीच्या गल्लीत खातं म्हटलं की तीनच गोष्टी समजत. पोस्टातलं पासबुक, सोसायटीतलं पीककर्ज आणि किराणा दुकानातली लाल वही. पासबुक आजीच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली. पीककर्जाचे आकडे आबाजींच्या डोक्यात. आणि लाल वहीतलं आमचं पान कापूस विकला की कोरं व्हायचं. चौथं खातं, ईमेलचं, आलं २००४-०५ च्या सुमारास. ते कोणत्या पेटीत ठेवायचं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं.

तसं चार लोकांसमोर आपलं काही मांडायची आम्हाला सवय होती. विविध भारतीला फर्माईश धाडायची तर एकाच पोस्टकार्डावर घरातली सगळी नावं बसवावी लागत. आधी आबाजी, मग काकाजी, मोठी माय, मग वयाप्रमाणे पोट्टे, आणि कोपऱ्यात जागा उरली तर गोठ्यातला बैलही. गाणं लागेल तेव्हा लागेल, कार्ड पेटीत पडलं की आमचं काम झालं. मग महिनाभर रेडिओजवळ कोणी मोठ्यानं खोकायचं नाही.

चौथं खातं काढायला एसटीनं अमरावतीला जावं लागे. राजकमल चौकात उतरायचं, गल्लीत शिरायचं, जिना चढायचा. वर प्लायवूडच्या खोपट्यांत संगणक मांडलेले. दारातच रजिस्टर. नाव लिहा, वेळ लिहा, सही करा. तासाचे पैसे मोजून घेतलेले, म्हणून काय काय करायचं ते घरूनच कागदावर लिहून नेलेलं. बाजाराची यादी न्यावी तसं.

जीमेल १ एप्रिल २००४ ला सुरू झालं, तेव्हा आधीच्या कोणी आवतण दिल्याशिवाय खातं मिळत नसे. आमच्या गल्लीला हे फार पटलं. लग्नाला का कोणी बिनआवतणाचं जातं? पुण्याला शिकायला गेलेल्या एका पोरानं आवतण धाडलं आणि ते गल्लीच्या वाट्याला आलेलं म्हणून सगळ्यांनी मिळून वापरलं. बारावीचा निकाल, नोकरीचा अर्ज, मावसभावाच्या लग्नाचे फोटो, सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी, सगळं त्या एकाच पत्त्यावर यायचं. खातं एक, नावं बारा.

आणि पासवर्ड. तो कोणाला सांगू नका, असं पडद्यावर लिहिलेलं. पण आमच्या गल्लीत कोणी गावाला निघालं की घराची किल्ली शेजारी ठेवून जायचं. शेजारी किल्ली ठेवत नाही, त्या घराबद्दल लोक बोलायचे. तेव्हा पासवर्डही वहीत गेला. निळ्या रेघांची शंभर पानी वही, तिच्या मागच्या पानावर आईच्या अक्षरात. आबाजींनी विचारलं, "हे काय लिवलं गा?" सांगितलं, की हा शब्द ठाऊक असेल त्यालाच आतलं वाचता येते. ते म्हणाले, "मंग हे तर रिद्धपूरवाल्यांचं झालं." खरंच होतं ते. आमच्याच जिल्ह्यातलं रिद्धपूर महानुभावांचं. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते तिथेच, आणि पुढे त्या पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. किल्ली पंथाच्या माणसाजवळ. आबाजींना पासवर्ड समजावायला आणखी काही सांगावं लागलं नाही.

पण खातं काढणं सोपं होतं. मराठीत लिहिणं, हेच खरं काम.

आधी जो तो आपापला फॉन्ट वापरायचा. त्यात मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असे. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसला की ‘आबाजींना नमस्कार’ म्हणजे दोन ओळी कचरा. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. क चा ०९१५, जगात कुठेही तोच. मतदारयादीत नाव लागावं तसं प्रत्येक अक्षराचं नाव लागलं. तरी जुन्या संगणकांवर अक्षरांऐवजी चौकोनच दिसत. मग सीडी घाला, एका रकान्यात खूण करा, संगणक बंद करून पुन्हा लावा. तासातली वीस मिनिटं तिथेच गेलेली.

इंग्रजी कळांनी मराठी उमटवताना ळ साठी मोठा एल लागतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया, केळीची केयी. ज्या अक्षराची बोलताना क्वचितच गाठ पडते, त्याच्यापायी आम्ही घामाघूम झालो. आणि त्याहून अवघड आमचं स्वतःचंच नाव. वऱ्हाड! तो चंद्रकोरीसारखा अर्धा र काही केल्या उमटेना. ‘वर्हाड’ व्हायचं, नाहीतर ‘वरहाड’. ज्या दिवशी नीट ‘वऱ्हाड’ उमटलं, त्या दिवशी शेजारच्या खोपट्यातला अनोळखी मुलगाही उठून पाहायला आला.

पुढे ऑर्कुट आलं. तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसे, म्हणून पोळ्याला बैल सजवल्याचा फोटो आधी तिथे, मग अल्बमात. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, त्याच्या आठवडाभर आधी आमची ताई बसून एकेक मजकूर वहीत उतरवून घेत होती. वही कामी येते, हे आजी म्हणतच होती.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. तिथे ‘संपादन’ दाबलं की कोणालाही लिहिता येतं, हे कळायला आम्हाला कितीतरी वर्षं लागली. तोवर घरी संगणक आलेला, कापसाच्या पैशातून. आपल्या गावाबद्दल लिहावं असं ठरलं. आदिनाथाचं जैन मंदिर लिहिलं. रुक्मिणीचा भाऊ रुक्मी, त्याचं भोजकट ते हेच, असं गावात सांगतात, तेही लिहिलं. मग तिथली रीत वाचली, की प्रत्येक गोष्टीला संदर्भ हवा. रीत चांगलीच आहे. सोसायटीतसुद्धा पावतीशिवाय कोणी ऐकत नाही. पण आबाजी म्हणाले, "संदर्भ मी हावो ना!"

आणि मांडी घालून बसले. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातली अमरावती, अकोला, बुलढाण्याची ही गावं, जमिनीत पाणी आहे पण तोंडी धरवत नाही. कोणती विहीर गोड, कोणती मचूळ, कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कुठलं पाणी फक्त गुरांचं, हे आमच्या आज्यांच्या पायांना ठाऊक होतं. लग्न जमवताना पोरीकडचे आधी विहीर विचारायचे. आबाजी एकेक विहीर सांगू लागले. कोणाच्या वावरात, कोणत्या झाडाखाली, कोणत्या साली आटली, कोणत्या साली बुजवली. "लिव," म्हणायचे, आणि पुढे जायचे. चौदावी सांगून झाली आणि लाइन गेली. भारनियमनाचे दिवस होते. पडदा काळा झाला, टाइप केलेलं सगळं गेलं.

आईनं कंदील लावला, वही काढली. आबाजींनी पहिल्या विहिरीपासून पुन्हा सांगितलं. लाइन आली तेव्हा ते झोपले होते. मागच्या पानावरचा पासवर्ड आता कुठेच चालत नाही. त्याच्या अलीकडच्या दोन पानांवर, आईच्या अक्षरात, ओळीनं एकवीस विहिरी आहेत. गोड सात.