गंजलेल्या लोखंडाची किंमत

१/ १९ जून २०१९. पॅरिसच्या द्रुओ लिलावगृहात एक रिव्हॉल्व्हर विक्रीस आले. गंजाने त्याचे लोखंड असे खाल्ले होते की त्यातून पुन्हा गोळी सुटण्याचा प्रश्नच नव्हता. अपेक्षित किंमत ४० ते ६० हजार युरो होती. ज्यांना ते हवे होते, त्यांच्यासमोर एक कठीण प्रश्न होता : हे नेमके कशाचे मोल आहे? #धागा

२/ शस्त्र म्हणून त्याची थोरवी काहीच नव्हती. ७ मिलिमीटरचे, लफोशो पद्धतीचे हे खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर. या पद्धतीच्या काडतुसाच्या कडेला एक बारीक पिन बाहेर आलेली असे. घोडा त्या पिनेवर आदळला की आतली दारू पेट घेई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात अशी शस्त्रे मुबलक होती. त्यांचा मारा जेमतेम असे.

३/ पण कॅटलॉगमध्ये त्याच्याशी एक नाव जोडलेले होते : व्हिन्सेंट व्हॅन गॉग. २७ जुलै १८९० च्या संध्याकाळी ओव्हेर-स्यूर-वाझ या गावी तो छातीत गोळी घेऊन आपल्या खानावळीत परतला. बोलत होता, पाइप ओढत होता. २९ जुलैच्या पहाटे, भाऊ थिओ जवळ असताना त्याने प्राण सोडला. वय ३७. ते शस्त्र त्या वेळी कोणालाच सापडले नाही.

४/ पुढे सुमारे ७० वर्षे गेली. १९६० च्या सुमारास एका शेतकऱ्याला त्याच परिसरातील शेतात हे गंजलेले रिव्हॉल्व्हर मिळाले. त्याने ते व्हिन्सेंट जिथे राहत होता त्या खानावळीच्या तत्कालीन मालकांना दिले, आणि ते त्यांच्या कुटुंबात राहिले. लिलावाला आले ते तेथूनच.

५/ आता पुरावा तोलून पाहू. सापडण्याची जागा जुळते. डॉक्टरांच्या वर्णनातील गोळीशी शस्त्राचा व्यास जुळतो. ते दीर्घकाळ मातीत पडून होते, हे तपासणीत दिसले. मारा कमी असल्याने जखमी माणूस चालत परत येऊ शकला आणि पुढे तीसेक तास जगला, हेही पटते. १८९० मधील खानावळवाल्याची मुलगी अ‍ॅडलिन रावू हिने उतारवयात सांगितले होते की ते शस्त्र तिच्या वडिलांचे होते.

६/ एवढे सगळे जुळूनही एक दुवा सुटतोच. शस्त्रावर नाव नाही. ते कोणी, केव्हा, कोणाला विकले याची नोंद नाही. १८९० चा पंचनामा नाही. आणि ज्या काळात अशी रिव्हॉल्व्हरे गावोगाव होती, त्या काळातील एक त्याच शेतात हरवणे अशक्य नव्हते. या शोधावर २०१२ साली निघालेल्या फ्रेंच पुस्तकाचे शीर्षकसुद्धा प्रश्नार्थकच आहे.

७/ त्यात २०११ साली स्टीव्हन नायफे आणि ग्रेगरी व्हाइट स्मिथ यांनी आपल्या चरित्रग्रंथात आत्महत्येच्या कथेलाच आव्हान दिले. गावात सुटीला आलेल्या मुलांच्या हातून गोळी सुटली असावी, असा त्यांचा तर्क. अनेक अभ्यासकांनी तो स्वीकारलेला नाही. मात्र गंमत अशी की हा तर्क खरा धरला तरी हे रिव्हॉल्व्हर तेच असू शकते. वस्तू एकच आणि तिच्याभोवतीच्या कथा दोन. निवाडा देण्यास लोखंड असमर्थ.

८/ बाजूने आणि विरोधात संस्थाही उभ्या होत्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने २०१६ च्या प्रदर्शनात ते मांडले होते. उलट ओव्हेर येथील व्हॅन गॉग इन्स्टिट्यूटने लिलावाला हरकत घेतली : मृत्यूशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही, आणि एका माणसाच्या शोकांतिकेचा असा बाजार मांडू नये. दोन्ही आक्षेप वेगळे आहेत. पहिला पुराव्याचा, दुसरा औचित्याचा. विकत घेणाऱ्याला दोहोंचे उत्तर स्वतःशी द्यावे लागते.

९/ पहिल्या आक्षेपाचे वजन कळण्यासाठी त्याच पद्धतीचे, त्याच व्यासाचे दुसरे रिव्हॉल्व्हर पाहावे. १० जुलै १८७३ च्या सकाळी कवी पॉल व्हर्लेन याने ब्रुसेल्समध्ये ते विकत घेतले. त्याच दिवशी हॉटेलच्या खोलीत त्याने आर्तूर रँबोवर दोन गोळ्या झाडल्या. एक रँबोच्या मनगटात शिरली. व्हर्लेनला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि आधुनिक फ्रेंच कवितेच्या इतिहासात तुरुंगाचे एक प्रकरण जोडले गेले.

१०/ हे शस्त्र पोलिसांनी जप्त केले आणि पुढे ते विकणाऱ्या दुकानदाराकडे परत गेले. त्यावरचा क्रमांक १४०९६ दुकानाच्या नोंदींशी जुळतो. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी पॅरिसच्या लिलावात त्याला ४,३४,५०० युरो मिळाले. अंदाज ५० ते ६० हजारांचा होता. जे मनगटाला लागले ते मृत्यूच्या शस्त्राहून महाग ठरले. कारखान्याचा ठसा, दुकानाची वही आणि न्यायालयाचे दप्तर यांची साखळी येथे अखंड होती.

११/ कागदाची ही ताकद अमेरिकेत आणखी ठळक दिसते. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ रोजी ज्या कोल्ट रिव्हॉल्व्हरने बिली द किडला मारले, ते ऑगस्ट २०२१ मध्ये ६० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. गॅरेटने त्याविषयी सही करून लिहिले होते, आणि त्याच्या विधवेने ते परत मिळवण्यासाठी न्यायालयात दाद मागितली होती. वारसांचे भांडणही कधी कधी इतिहासकाराला उपकारक ठरते. भांडणाने कागद तयार होतात.

१२/ महाराष्ट्राला हा पेच अपरिचित नाही. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य शासनाने पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. तेथे निर्णय तुलनेने सोपा होता : नाव पात्यावरच देवनागरीत कोरलेले होते. शिवाय घेणारे सरकार होते, आणि हेतू सर्वांना पाहता यावे हा. ओव्हेरच्या गंजलेल्या रिव्हॉल्व्हरपाशी यातले काहीच नव्हते.

१३/ म्हणून घेणाऱ्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. उद्या हा दावा कोसळला तर हातात राहिलेले लोखंड आपल्याला तरीही हवे असेल का? किमतीचा किती भाग ज्ञात गोष्टींचा आणि किती इच्छेचा? आणि घेतल्यावर ही वस्तू अभ्यासकांना दिसेल, की तिजोरीत पुन्हा पुरली जाईल? एकदा ती मातीत सत्तर वर्षे होती. तिजोरीचा काळोख त्याहून फारसा निराळा नाही.

१४/ दुसरा आक्षेप अधिक बोचरा. १८९० च्या आरंभी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात व्हिन्सेंटचे ‘लाल द्राक्षमळा’ हे चित्र ४०० फ्रँकना विकले गेले. हयातीत विकली गेलेली त्याची चित्रे बोटावर मोजण्याइतकीच. ज्याच्या कामाला तेव्हा गिऱ्हाईक नव्हते, त्याला संपवणाऱ्या वस्तूला आज गिऱ्हाईक आहे. ही विसंगती कोणत्याही प्रमाणपत्राने पुसता येत नाही.

१५/ तरीही घेणाऱ्याला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. माणसे अशा वस्तूंकडे क्रौर्यापोटीच वळतात असे नाही. एखादा क्षण खरोखर घडला होता, याची खूण हातात धरावी ही ओढ जुनी आहे; देवळातील पादुकांपासून घरातल्या आजोबांच्या चष्म्यापर्यंत ती दिसते. फरक इतकाच की चष्म्याला कोणी बोली लावत नाही, त्यामुळे तो खोटा ठरण्याची भीतीही नसते.

१६/ हातोडा १,३०,००० युरोंवर पडला, शुल्कासह १,६२,५००. रिव्हॉल्व्हर एका खासगी संग्राहकाकडे गेले. वरच्या अंदाजाच्या अडीच पटींहून अधिक पैसे त्याने एका ‘बहुधा’साठी मोजले. ते ‘बहुधा’ आहे हे ओळखून मोजले असतील, तर व्यवहार प्रामाणिक म्हणावा. खात्री समजून मोजले असतील, तर ते फार महाग पडले.

१७/ ओव्हेरच्या स्मशानभूमीत व्हिन्सेंट आणि थिओ यांच्या थडग्यांचे साधे दगड शेजारी शेजारी उभे आहेत. थिओ सहा महिन्यांनी, जानेवारी १८९१ मध्ये गेला. त्याचे अवशेष १९१४ साली येथे आणले गेले. दोन्ही थडग्यांवर एकच आयव्हीची वेल पसरली आहे. तेथे नाव आहे, साल आहे, आणि कसला संशय नाही.