उघडा हात

गेल्या खंडेनवमीला पूजा मांडताना माझ्या भाच्याने ब्रश, फवारणीची बाटली आणि पाण्याची नळी यांच्या शेजारी रबरी हातमोज्यांची एक जोडी पाटावर ठेवली आणि इतर आयुधांना वाहिले तसेच हळदकुंकू तिलाही वाहिले. मला काही सुनावावे असे त्याच्या मनात नव्हते, हे मी पक्के जाणतो. तरीही त्या निळ्या मोज्यांवर झेंडूचे फूल ठेवताना माझा हात अडखळला. कारण मोटारींची चाके धुण्याच्या धंद्यात चाळीस वर्षे घालवताना मी हातमोज्यांचा मनापासून तिरस्कार केला आणि त्या तिरस्काराची किंमत त्या मुलाच्या बोटांनी चुकवली. त्या प्रसंगाची कैफियत मी आजवर कोणापुढे मांडलेली नाही.

आमचे घराणे पुण्याच्या तांबट आळीतले. कसबा पेठेतल्या त्या आळीत वडील बंब आणि घंगाळी मठारीत. भट्टीत काळवंडलेला पत्रा सौम्य तेजाबात बुडवून, चिंचेने घासून उजळीत. आणि भांडे पुरते निघाले की नाही याचा निवाडा डोळे मिटून बोटाच्या पेराने करीत. उजेड बदलला की डोळा फसतो, पेर कधी फसत नाही, असे ते म्हणत. मठारकामात मी टिकलो नाही. १९८१ साली नाना पेठेतल्या एका गॅरेजात गाड्या धुण्यास लागलो आणि पुढे सहकारनगरात राहत्या घराच्या अंगणातच स्वतःचे काम मांडले. परंतु उघड्या हाताचा अभिमान तेवढा वडिलोपार्जित इस्टेटीसारखा बरोबर आणला. त्या इस्टेटीत एक खोट होती. सौम्य तेजाब तांब्यावरचा काळा थर विरघळवते आणि खालच्या धातूला सहसा बाधा करीत नाही. ॲल्युमिनियमचे तसे नाही. त्या धातूचे सारे संरक्षण त्याच्या अंगावरच्या अतिसूक्ष्म ऑक्साइडच्या पापुद्र्यावर अवलंबून असते; तो पापुद्रा तीव्र आम्लाने जातो तसा तीव्र अल्कलीनेही जातो, आणि तो गेला की खालचा धातूच खाल्ला जाऊ लागतो. तांब्यावर शिकलेली विद्या मी ॲल्युमिनियमवर चालवीत होतो, आणि बरीच वर्षे निभावले म्हणून ती खरी मानीत होतो.

पद्मिनी आणि ॲम्बॅसडरच्या काळात हा प्रश्नच नव्हता. चाके पोलादी, ब्रेक ड्रमचे, आणि झिजेची काजळी बहुतांशी ड्रमच्या पोटातच राहणारी. पुढे डिस्क ब्रेक आले, अलॉयची चाके आली आणि काजळीला उघडे अंगण मिळाले. बिडाच्या डिस्कचे लोखंडी कण तापलेल्या स्थितीत उडतात, चाकावरच्या पारदर्शक लॅकरमध्ये रुततात आणि ओल लागली की रुतल्या जागीच गंजतात. त्यात पुण्याची गाडी आठवडाभर शहरात रखडते आणि रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा उतरते. उतारभर ब्रेकवर पाय, पावसाळ्यात वरून चिखलाचा लेप. पुढच्या चाकाकडे पाहून गाडी कोणता घाट उतरून आली हे मी सांगत असे, आणि सांगणे बरोबर निघाले की गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला मजुरीपेक्षा अधिक गोड लागे.

माझे सारे आयुष्य ज्या एका जागेने व्यापले ती जागा म्हणजे आरा जिथे धावेला मिळतो तो आतला कोपरा. (अलॉयच्या चाकाला धाव नसते, हे मला ठाऊक आहे, पण बैलगाडीच्या चाकाची तुंबा, आरे, धाव ही नावे तोंडात बसलेली आहेत आणि नवी नावे मला तितकी नेमकी वाटत नाहीत.) आऱ्याच्या दर्शनी अंगावर कोणतेही द्रावण फवारा, ते ओघळते आणि वाऱ्याने सुकू लागते, त्याच वेळी कोपऱ्यात ते साचून राहते आणि आपले काम करीत बसते. म्हणजे एकाच चाकावर दोन घड्याळे चालतात. दर्शनी अंगासाठी पाणी मारण्याची वेळ झालेली असते तेव्हा कोपऱ्यातली काजळी अजून सुटलेली नसते. आणि कोपऱ्यासाठी थांबावे तर दर्शनी अंगावर द्रावण सुकून जो पांढरा डाग उमटतो तो मग कशानेही जात नाही. म्हणून चाक थंड असावे, सावलीत असावे, एका वेळी एकच चाक घ्यावे आणि द्रावण कधीही सुकू देऊ नये, हे धंद्यातले प्रत्येक जण जाणतो; चैत्र-वैशाखात सकाळी आठनंतर मी बाटली हातात धरीत नाही. परंतु एवढे सांभाळूनही कोपऱ्यातले घड्याळ कसे वाचायचे, हे कोणी सांगत नाही. मी ते बोटाने वाचीत असे. उघडे बोट कोपऱ्यात घालावे. खरखर असेपर्यंत थांबावे, काजळी बुळबुळीत झाली की पाणी सोडावे. हे ज्ञान मोज्यातून मिळणार नाही, अशी माझी खात्री होती. आणि खात्रीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे मला त्याचा गर्व होता.

हल्ली लोखंडाला जांभळे करणारे द्रावण आले आहे. केस कुरळे करण्याच्या औषधात असते त्याच जातीचे थायोग्लायकोलेट त्यात असते. ते लोखंडाशी जुळते आणि चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. वास उग्र, पण लॅकरला पुष्कळच सौम्य. घरच्या घरी चाक धुणाऱ्याने याच्यापलीकडे सहसा जाऊच नये, असे मी आज म्हणतो. मात्र जांभळा रंग लोखंडाची साक्ष देतो, स्वच्छतेची देत नाही. डांबराचा थेंब आणि ब्रेक पॅडमधली जळकी राळ यांची त्याला दाद नसते. शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या चकचकीत दुकानांतून हा जांभळा ओघळ मोबाइलमध्ये टिपून घेण्यासाठी चाक पाच-पाच मिनिटे तसेच ठेवलेले मी पाहिले आहे, आणि ते पाहून मला मनस्वी यातना झाल्या आहेत. दुसऱ्या टोकाला रस्त्याकडेची वॉशिंग सेंटरे. तिथे एकाच पिंपातले जहाल पाणी रंगवलेल्या, पॉलिश केलेल्या, ॲनोडाइज केलेल्या आणि क्रोमच्या चाकांवर सारखेच मारतात. चाकावरचा थर कोणता आहे हे आधी विचारावे आणि मागच्या, न दिसणाऱ्या भागावर एक थेंब टाकून पाहावे, एवढाही शिरस्ता उरला नाही. आणि घरोघरीचे सद्गृहस्थ संडास धुण्याचे तेजाब चाकावर ओततात. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने चाक एक दिवस उजळते. मग नटबोल्ट गंजतात, लॅकरखाली पांढरे कोंब फुटतात. त्याच बादलीत कपड्यांचे ब्लीच पडले तर क्लोरीन वायू निघून माणसाची छाती भरते, ते वेगळेच.

इतके मी दुसऱ्यांविषयी बोलतो. आता माझ्या अंगणात काय घडले ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची दसऱ्याची धांदल. रांगेत गाड्या उभ्या, आणि एका चाकाचा कोपरा माझ्या कोणत्याही उपायाला वश होत नव्हता. ट्रकच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या उजळण्यासाठी विकले जाणारे एक द्रावण मी काही वर्षांपूर्वी पिंपभर आणले होते. अडल्या चाकाला मी ते गुपचूप लावीत असे, आणि ‘काकांनी हे कसे काढले’ या प्रश्नाला स्मिताखेरीज उत्तर देत नसे. ते पिंपातून पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले होते. बाटलीवर चिठ्ठी नव्हती, कारण माझे गुपित मला चिठ्ठीवर नको होते. ती बाटली मी भाच्याच्या हाती दिली.

“मामा, मोजे घालू का?” त्याने विचारले.

“मोजे घातलेस तर बोटाला काय कळणार?” मी म्हणालो. “माझे हात बघ. काही होत नाही.”

मी ते वर्षाकाठी चार-दोन थेंब वापरीत असे आणि लगेच हात धुवीत असे. तो त्या दिवशी दोन तास त्यात बोटे घालून होता. संध्याकाळी त्याला काहीही जाणवले नाही. रात्री दोन वाजता बहिणीचा फोन आला. मी इस्पितळात पोहोचलो तेव्हा त्याची बोटे वरून जवळजवळ पूर्ववत दिसत होती, किंचित लाल इतकेच. आणि तो मुलगा हात उराशी धरून गुरासारखा हंबरत होता. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला: रसायन कोणते? मला नाव सांगता आले नाही. अर्ध्या रात्री मी घरी परतलो, पिंपावरचे फाटके लेबल विजेरीच्या उजेडात वाचले आणि ‘अमोनियम बायफ्लोराइड’ ही अक्षरे फोनवर एकेक उच्चारून सांगितली. त्यानंतर कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप आणि इंजेक्शने सुरू झाली. मध्ये गेलेला पाऊण तास माझ्या हिशेबी कायमचा नोंदलेला आहे.

पुढे मी याविषयी मिळेल ते वाचले. या रसायनातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते सौम्य असले तर कातडी न पोळता आत शिरते, आणि वेदना कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येते. आत गेलेला फ्लोराइड शरीरातल्या कॅल्शियमला धरतो आणि हाडापर्यंत पोहोचतो. हे आम्ल काचही खाते. म्वासाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८६ साली फ्लोरीन वेगळा करून दाखवला आणि १९०६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या आधी याच खटाटोपात काहींचे प्राण गेले होते. मी ज्या बोटाच्या साक्षीवर सर्वस्व टाकले होते ते बोट या एका द्रावणापुढे मुके होते. तेजाब चावले तर पेर ओरडते, म्हणून वडिलांचा भरवसा खरा. हे चावत असताना पेर गप्प राहते.

स्त्रियांवरील आम्लहल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि प्रमाण यांची नोंद विक्रेत्याने ठेवावी, अठरा वर्षांखालील कोणाला आम्ल विकू नये, अशी ताकीद दिली. त्या हुकमाची बातमी मी तेव्हा वाचली होती आणि योग्य म्हणून मान डोलावली होती. दुकानदाराने दप्तर ठेवावे हे मला पटले. माझ्या अंगणातल्या बाटलीवर मात्र मी चिठ्ठीसुद्धा लावली नाही. ते पिंप ओतून टाकण्याचाही मोह मला झाला. पण आमच्या गल्लीचे गटार आंबील ओढ्याला मिळते आणि ओढा मुठेला, हे आठवून हात आवरला. पिंप जिथून आणले तिथे स्वतः नेऊन परत दिले. आता अंगणात आम्ल नाही. जे आहे ते मूळ बाटलीत आणि लेबलासकट आहे. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मनगटापर्यंतचे जाड मोजे चढवल्याखेरीज बाटलीचे बूच निघत नाही.

भाचा चार महिन्यांनी कामावर परतला. मी त्याला येऊ नकोस म्हणून विनवले होते, तो आला. दोन नखे नवी उगवली होती, पण उजव्या तर्जनीच्या टोकाचा स्पर्श अर्धाच परतला होता. त्या बोटाने कोपरा वाचणे आता अशक्य. मी त्याच्याकडे पाहत असे आणि मनात म्हणत असे की ज्या ज्ञानासाठी मी त्याचा हात उघडा ठेवला, तेच ज्ञान मी त्याच्या हातून काढून घेतले.

एके सकाळी मी एका गाडीचे चौथे चाक धुऊन, कोपऱ्यातून बोट फिरवून, ‘झाले’ म्हणून बाजूला झालो. त्याने ते पुन्हा भरपूर पाण्याने धुतले, मोजे काढले, स्वयंपाकघरातून ब्रेडची पातळ प्लास्टिकची पिशवी आणून तिच्यात हात घातला आणि ओल्या आऱ्यावरून, मग कोपऱ्यातून, बोटे अलगद फिरवली. मग म्हणाला, “मामा, राहिले आहे.” मी पिशवी त्याच्याकडून घेतली. उघड्या बोटाला जिथे रेशीम लागले होते तिथे पिशवीतल्या बोटाला बारीक वाळू लागली, स्पष्ट, कणाकणाने मोजावी अशी. कातडीचे चिकटणे पिशवीने नाहीसे होते आणि उरतो तो केवळ पृष्ठभागाचा खडबडीतपणा. इतके साधे कारण. बोटाचा स्पर्श गेला म्हणून त्या मुलाला दुसरी वाट शोधावी लागली, आणि ती वाट माझ्या वाटेपेक्षा चांगली निघाली.

मी उघड्या हाताने ‘झाले’ म्हणून आजवर किती चाके बाजूला सारली असतील, त्यांची गणती नाही. त्या सकाळी मी पिशवी हातातून काढली नाही. राहिलेल्या तीन चाकांवरून, सगळ्या कोपऱ्यांतून, एकेक करून ती फिरवली. आणि प्रत्येक कोपऱ्यात वाळू होती.