फ्रॉन्टिनसचं ऑडिट

रोमला गेलेला प्रत्येक जण ट्रेव्ही कारंज्याकडे पाठ करून उभा राहतो, खांद्यावरून मागे नाणं टाकतो आणि फोटो काढून घेतो. मीही काढला. असं केलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणे. (कंपनीने पाठवलं तर!) पण हे नाणं पडतं ते पाणी कुठून येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. कारंजं पूर्ण झालं १७६२ साली. ज्या पाण्याच्या लाइनच्या टोकाला ते बांधलं, ती मात्र इ.स.पू. १९ मधली. सम्राट ऑगस्टसचा उजवा हात असलेल्या अग्रिप्पाने ती आणली. नाव अ‍ॅक्वा व्हर्गो. मध्ये कितीदा मोडली, कितीदा दुरुस्त झाली, पण लाइन तीच.

मी पेशाने ऑडिटर. तीन महिन्यांच्या असाइनमेंटवर रोमला होतो. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांच्या हिशोबातली भोकं शोधायची आणि वीकेंडला गावभर भटकायचं. रोममध्ये भटकताना पाण्याची बाटली विकत घ्यावी लागत नाही, हा पहिला सुखद धक्का. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ उभे असतात, त्यांना म्हणतात ‘नासोनी’, म्हणजे मोठी नाकं! १८७४ पासूनची ही पद्धत, आणि शहरात असे अडीचेक हजार नळ आहेत. नाकाच्या टोकाला बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उडते. खुशाल प्या. पाणी थंडगार, आणि फुकट.

एका रविवारी मेट्रोची ए लाइन पकडून अ‍ॅक्विडक्टच्या पार्कमध्ये गेलो. हिरव्यागार माळावर अ‍ॅक्वा क्लॉडियाच्या उंचच्या उंच कमानी. खाली पोरं फुटबॉल खेळतायत, आजोबा कुत्रा फिरवतायत. आपल्याला वाटतं, रोमचं पाणी म्हणजे या कमानी. गंमत म्हणजे कमानी हा अपवाद. जवळजवळ ६९ किलोमीटरच्या या लाइनचा तीन चतुर्थांशांहून जास्त भाग जमिनीखाली होता. कमानी फक्त जिथे उंची सांभाळायची तिथेच.

कारण सगळा खेळ उताराचा. पंप नाही, मोटर नाही, वीज नाही. डोंगरातल्या झऱ्यापासून शहरापर्यंत पाण्याने आपलं आपण चालत यायचं. उतार जास्त झाला तर पाणी वाहिनी खरवडून काढणार, कमी झाला तर गाळ साचणार. दक्षिण फ्रान्समधल्या नीम शहराची रोमन वाहिनी, जिच्यावरचा पाँ द्यू गार हा पूल जगप्रसिद्ध आहे, ती साधारण ५० किलोमीटर लांब होती आणि एवढ्या अंतरात एकूण उतार वीस मीटरहूनही कमी. म्हणजे किलोमीटरला सरासरी फूटभर! लेझर लेव्हल नसताना. आपल्याकडे नव्या बाथरूममध्ये पाणी जाळीकडे जात नाही म्हणून आपण कंत्राटदाराशी भांडत असतो, त्यामुळे मी तर मनातल्या मनात हात जोडले.

रोमची पहिली लाइन, अ‍ॅक्वा आपिया, इ.स.पू. ३१२ ची आणि अकरावी इ.स. २२६ ची. प्रत्येकीचं पाणी वेगळं. मार्सियाचं थंड आणि गोड, प्यायला एक नंबर. अल्सिएटिनाचं इतकं खराब की ते मुख्यतः ऑगस्टसच्या नकली आरमारी लढायांच्या तलावासाठी आणलेलं.

इथवर सगळं पर्यटन झालं. मला खरा झटका बसला तो फ्रॉन्टिनस भेटल्यावर. इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने त्याला पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. पूर्वी कॉन्सल झालेला, ब्रिटनचा गव्हर्नर राहिलेला बडा माणूस. हाताखालच्यांनी दिलेल्या कागदावर सही ठोकून मोकळा झाला असता तरी चाललं असतं. पण याने ठरवलं की आधी आपण स्वतः काम समजून घ्यायचं. नकाशे काढून घेतले, मापं घेतली आणि शिकलेलं सगळं लिहून काढलं. ते पुस्तक आजही वाचायला मिळतं. मी ते एका रात्रीत संपवलं, कारण ते पुस्तक नाहीच मुळी. तो ऑडिट रिपोर्ट आहे!

पहिलंच निरीक्षण बघा. सरकारी वहीत शहराला मिळालेलं पाणी १२,७५५ क्विनारिया, वाटलेलं १४,०१८. जमेपेक्षा खर्च जास्त! क्विनारिया हे नळाच्या तोंडाचं माप. त्यात पाण्याचा वेग धरलेला नसल्याने त्याचे नेमके लिटर काढता येत नाहीत. पण कोणताही ऑडिटर इथे थांबेल. फ्रॉन्टिनसही थांबला आणि थेट पाणी आत शिरतं तिथे जाऊन मोजून आला. तर वहीपेक्षा सुमारे दहा हजार क्विनारिया जास्त निघाले. पाणी कमी नव्हतंच. ते मध्येच कुठेतरी जात होतं.

कुठे? तेही लिहिलंय. ज्यांना खासगी कनेक्शनची परवानगी, त्यांना ठरावीक मापाचं, शिक्का मारलेलं ब्राँझचं तोंड बसवायचं. प्रत्यक्षात कुणाचं तोंड मोठं, कुणाच्या तोंडावर शिक्काच नाही. कुणाचं तोंड बरोबर, पण त्यामागचा पाइप जाडा. परवानगी माणसाच्या नावावर असायची, घराच्या नाही. घर विकलं की नवी परवानगी. तेव्हा नळवाले टाकीला नवीन भोक पाडायचे आणि जुनं तसंच ठेवून त्यातलं पाणी विकायचे. रस्त्याखालच्या लाइनला ठिकठिकाणी भोकं पाडून दुकानांना पाणी देणारे तर वेगळेच. दुरुस्तीसाठी ठेवलेली सातशे माणसांची फौज वशिलेवाल्यांच्या खासगी कामांवर. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाचतोय की कालचा पेपर, हेच कळेना.

या सगळ्याचा फटका कुणाला? रोममध्ये घरात नळ असणारे थोडे. भाड्याच्या इमारतींत वरच्या मजल्यांवर राहणारे रस्त्यावरच्या सार्वजनिक हौदातून पाणी भरायचे आणि जिने चढायचे. ते वाचताना मला आई दिसली. आमची सोसायटी जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आई तिसऱ्या मजल्यावर. पाणी सकाळी तासभर, थेट लाइनचं. रोज फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, “आज पण नाही चढलं रे वर.” मग खालच्या नळावरून कळशी. गुडघे दुखतात, तरी. मी म्हणायचो, घर विकून टाकू, माझ्याकडे चल. त्यावर तिचं उत्तर, “पाण्यापायी घर सोडू? तू तुझं काम बघ.”

म्हटलं, बघतोच. परत आल्यावर सोसायटीच्या मीटिंगला गेलो. तिथे नेहमीचं चाललं होतं, “वरूनच कमी येतं, आपण काय करणार?” मी एकच मागितलं. तीन दिवस सगळ्यांनी लाइनला लावलेल्या मोटर बंद ठेवायच्या आणि मेन मीटरचं रीडिंग पाणी यायच्या आधी आणि गेल्यानंतर लिहायचं. कुरकुर झाली. मोटर तिघांकडेच होत्या आणि तिघेही खालच्या मजल्यांवरचे. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मोटर बंद असताना तिसऱ्या मजल्यावर बारीक का होईना, धार आली. मीटरवर पाणी जवळपास तेवढंच. आणि बोनस म्हणजे, सगळे नळ बंद करून पाहिले तरी मीटरचा काटा फिरतच होता! खोदल्यावर कळलं की तळमजल्यावरच्या, कधीच बंद पडलेल्या दुकानाची जुनी लाइन चालूच होती आणि पाणी निवांत गटारात जात होतं. फ्रॉन्टिनसचं जुनं भोक, अगदी तेच.

लाइन बंद केली. दोन मोटर निघाल्या. तिसरी कमिटीतल्याच एका काकांची आहे, तो विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर. आईची कळशी आता आठवड्यातून एखाद्या वेळीच खाली येते.

रोमची गोष्ट पुढे काही फार गोड नाही. ५३७ मध्ये गॉथ सैन्याने वेढा घालून पाण्याच्या लाइन तोडल्या आणि शहर आक्रसत गेलं. २०१७ च्या दुष्काळात तर तिथल्या नासोनींपैकी काही बंद करायची वेळ आली. पाणी कुणालाच कायमचं दिलेलं नसतं. म्हणून नव्या टॉवरचं ब्रोशर बघताना स्विमिंग पूल किती मोठा हे विचारण्याआधी पाणी येतं किती, ते विचारा. आणि राहत्या सोसायटीत मीटर असेल, तर एकदा सगळे नळ बंद करून त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा. काटा थांबला तर उत्तम. नाही थांबला, तर वही-पेन घ्या.