दोघांची एक होडी की दोन?

वृद्ध दांपत्ये आता देवदर्शनाइतक्याच हौसेने तारकर्लीला जातात आणि निघण्यापूर्वी विचारतात, "डॉक्टर, कयाकमध्ये बसू का?" कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद, ठेंगणी होडी. ती एकेरी असते, तशी दोघांचीही असते.

नांदेडच्या माझ्या एका जुन्या रुग्णाच्या पत्नीने मात्र निराळाच प्रश्न केला : "मला माझी वेगळी होडी घेता येईल का?" यजमानांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका आला होता. चालणे-बोलणे सुधारले, डाव्या हाताची पकड तेवढी अधू राहिली. तेव्हापासून या बाई त्यांना सोडून तासभरही कुठे गेलेल्या नाहीत. माहेर लातूरचे. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या लेकीला कर्ली नदीच्या संथ खाडीत एकटीने वल्हवायचे होते. मला ती मागणी औषधाइतकीच गंभीर वाटली.

एकेरी होडीत डावा हात कमी पडला की होडी डावीकडेच वळत राहते; यजमानांना ती नकोच. दुहेरीत पुढचा लय धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो, म्हणून जोर असलेल्याने मागे बसावे. म्हणजे तिथेही सारा भार बाईंवरच!

रक्तदाब आटोक्यात होता. झटक्यानंतर फिट कधी आली नव्हती. आली असती तर मी किनाऱ्यावरच बसा म्हटले असते. मग यजमानांना जमिनीवर पाय पसरून बसवले व उठायला सांगितले. कयाकची बैठक तशीच खाली असते, आणि गुडघे नेमके उतरताना दगा देतात. लाइफ जॅकेटचे सारे पट्टे आवळलेले हवेत, मग पाणी कितीही उथळ असो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी उतरू नये, हेही बजावले.

अखेर असे ठरले : यजमान दुहेरीत पुढे, त्यांच्या मागे तिथला जाणता वल्हेकरी, बाई शेजारून एकेरीत. वेळ सकाळची, आणि समुद्राकडे जायचे नाही.

परतल्यावर यजमानांनी तक्रार केली, की तासाभरात हिने एकदाही वळून पाहिले नाही. बाई नुसत्या हसल्या आणि त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मागू लागल्या.