अंगणात घडवलेला समुद्राचा दगड

मुलांनो, दिवाळीत तुम्ही किल्ला करता ना? विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर रचायचा, त्याला तटबंदी करायची, पोटात एखादी गुहा ठेवायची आणि पायथ्याशी हळीव पेरायचं. आज मी तुम्हांला अशाच एका किल्ल्याची हकिगत सांगणार आहे. फरक एवढाच, की हा किल्ला पाण्याखाली आहे, तेही खाऱ्या पाण्याखाली! आणि त्याचे मावळे म्हणजे केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन इवलेसे मासे.

माझ्या भावाने हौसेने समुद्री माशांसाठी काचेची टाकी करून घेतली. लांबी ९० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ४५. आता पटकन गुणाकार करा पाहू. १,८२,२५० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८२ लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन दोन माणसांहून जास्त झालं. म्हणून टाकी साध्या टेबलावर न ठेवता लोखंडी घोडीवर ठेवली. टाकीची मागची बाजू दगडांनी सजवायची, तिथे समुद्रातल्या खडकासारखी भिंत उभी करायची, हे काम भावाने माझ्यावर आणि माझ्या दहा वर्षांच्या भाच्यावर सोपवलं. उन्हाळ्याची सुट्टी होती. शिक्षिकेला सुट्टीत दुसरं काय हवं?

दगड विचारायला आम्ही मासे विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, समुद्रातलं खरं प्रवाळ आणून देतो. वीतभर उंच. मात्र कुठे बोलू नका." भाच्याचे डोळे चमकले. मी "नको" म्हटलं आणि आम्ही बाहेर पडलो. घरी येईपर्यंत स्वारी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

प्रवाळ म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. ते दिसतं दगडासारखं, पण ते दगड नव्हे आणि झाडही नव्हे. प्रवाळ हा प्राणी आहे. मऊ अंगाचे चिमुकले जीव हजारोंनी एकत्र राहतात आणि पाण्यातल्या चुन्याचं घर स्वतःभोवती बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न तयार करतात आणि घरमालकालाही देतात. भरीव, गोलसर जातीचं प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी वाढतं.

रात्री जेवताना मी भाच्याला एवढंच विचारलं, "तो वीतभर तुकडा वाढायला किती वर्षं लागली असतील?" त्याने ताटावरच बोटांनी वीत मोजली. "वीस!" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हणजे माझ्या दुप्पट वयाचा?"

पण गडी इतक्या सहज हार मानणारा नव्हता. "आत्या, एकच तर दगड! समुद्र केवढा मोठा आहे!" मी म्हटलं, "तुझ्या वर्गात चाळीस मुलं. प्रत्येकाने एकच न्यायचा ठरवला तर?" आपल्या देशात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ साली दगडी प्रवाळांच्या सर्व जाती त्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आल्या. वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. प्रवाळ तोडणं आणि त्याचा व्यापार करणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी प्रवाळांवर संकटं काय थोडी आहेत? पाणी फार तापलं की ती अंगातली शैवालं गमावतात आणि पांढरीफटक पडतात. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली असंच झालं.

यावर भाच्याने विचारलं, "मग मासे कुठून आणायचे? तेही समुद्रातलेच ना?" प्रश्न बिनतोड होता. चांगला प्रश्न विचारला म्हणून विद्यार्थ्यावर रागवायचं नसतं, हे आम्हां शिक्षकांना पहिल्या वर्षीच शिकवतात. सुदैवाने त्याला उत्तर होतं. विदूषक माशांची, म्हणजे क्लाऊन फिशची, पैदास आता टाक्यांमध्येही होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचं तंत्र आपल्या देशात विकसित केलं आहे. ठरलं तर मग! मासे पैदास केंद्रातले आणायचे, प्रवाळ अजिबात ठेवायचं नाही आणि दगड? दगड आपण करायचा!

दगड कसा करायचा? एक भाग साधं सिमेंट, दोन भाग शिंपल्यांचा चुरा आणि दोन भाग खडे मीठ. असा चुरा कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो. सिमेंट आणि चुरा आधी कोरडेच कालवायचे, मग अगदी बेताने पाणी घालायचं. मूठ वळली की वळावी, पण पाणी गळू नये. मीठ सर्वांत शेवटी टाकायचं, नाहीतर ते आधीच विरघळून जाईल. परातीत ओली वाळू पसरून हवे तसे खड्डे करायचे आणि त्यांत हे मिश्रण भरायचं. गुहा हवी असेल तर मधे ओल्या वाळूचा गोळा ठेवायचा. दगड सुकला की वाळू बोटाने उकरून काढता येते. एक सूचना मात्र पक्की लक्षात ठेवा. सिमेंट कातडीला भाजतं. रबरी हातमोजे घातल्याशिवाय आणि घरचं मोठं माणूस जवळ असल्याशिवाय या कामाला हात लावायचा नाही.

मीठ कशासाठी, ते ओळखलंत का? दगड पाण्यात बुडवला की मीठ विरघळून निघून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. खऱ्या समुद्रात हे काम लाटा करतात. मुरूडजवळचा पद्मदुर्ग पाहिलाय का तुम्ही? तिथे लाटांच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, पण दगडांमधला चुना तसाच उभा आहे. लांबून मधाच्या पोळ्यासारखं दिसतं. समुद्राला त्या कामाला शतकं लागली. आम्ही मिठाकडून ते काही दिवसांत करून घेतलं!

दगड दुसऱ्या दिवशी साच्यातून निघाले. पण काम संपलं नव्हतं. इमारतीच्या कामावर गवंडी भिंतीवर पाणी मारताना तुम्ही पाहिले असतील. आम्हीही आठवडाभर दगडांवर ओली गोणपाटं टाकून पाणी मारलं. मग ते पिंपात बुडवले. सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं, की त्यात मासा जगणार नाही. तो चुना निघून गेला की नाही, हे कळणार कसं? इथे स्वयंपाकघर मदतीला आलं. हळद पाण्यात कालवून तिच्यात कागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवल्या. अशी पिवळी पट्टी चुन्याच्या पाण्यात घातली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात, ते याच गुणामुळे.

पहिल्या दिवशी पट्टी लालभडक झाली. पाणी बदललं. चार दिवसांनी पुन्हा लाल. पुन्हा पाणी बदललं. भाचा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायचा आणि वैतागायचा. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, पाऊस आला, तरी पट्टी तांबूसच! अखेर सातव्या आठवड्यात एका सकाळी तो ओरडत आला, "आत्या, पिवळी! पिवळीच राहिली!" नंतर दुकानातलं चाचणीचं द्रव्य आणून पक्की खात्री केली. हळदीवर सगळा भरवसा टाकायचा नसतो.

आता भिंत रचायची. यासाठी आमच्या शेजारच्या आजोबांना बोलावलं. ते मूळचे कोकणातले. तिकडे अंगणाला आणि कुंपणाला दगडांचा गडगा घालतात. त्यात ना सिमेंट, ना चुना, नुसता दगडावर दगड. आजोबा म्हणाले, "पोरा, मोठा दगड खाली. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आणि भिंत किंचित मागे झुकती ठेवायची." भाच्याने आधी टाकीच्या मापाचा चौकोन खडूने अंगणात आखला आणि त्यात तीनदा रचना करून पाहिली. दोनदा ढासळली, तिसऱ्यांदा उभी राहिली. आजोबांनी ती हाताने हलवून पाहिली आणि "जमलं" म्हणाले.

टाकीत रचताना आणखी काही गोष्टी पाळल्या. तळाच्या काचेवर आधी प्लॅस्टिकची जाळी अंथरली. पायाचे दगड थेट जाळीवर बसवले आणि वाळू नंतर टाकली. दगड वाळूवर बसवले आणि एखाद्या माशाने खालची वाळू उकरली, तर भिंत काचेवरच येईल! भिंत आणि मागची काच यांत चार बोटं जागा सोडली. पाणी तिथूनही खेळतं राहिलं नाही तर घाण साचते. वरचे दोन दगड मत्स्यपेटीसाठीच्या सिलिकॉनने चिकटवले आणि त्याचा शिरक्यासारखा वास जाईपर्यंत थांबलो.

पाण्यासाठी समुद्री टाक्यांचं तयार मीठ आणलं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे इतरही क्षार असतात. लिटरला ३५ ग्रॅम. भिंतीने जागा घेतल्यावर टाकीत १५० लिटर पाणी मावलं. किती मीठ लागलं? सव्वापाच किलो! पुढे पाणी हवेत उडून गेलं, तरी मीठ मागेच राहतं. मिठागरात हेच होतं ना? म्हणून कमी झालेलं पाणी भरायचं ते गोडं, खारं नव्हे.

एवढं झाल्यावर तरी मासे आणायचे की नाही? छे! माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांनाच विषारी असतो. काही जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य असतं. हे जिवाणू राहतात कुठे? दगडाच्या त्या बारीक भोकांमध्ये! म्हणजे आमची भिंत नुसती शोभेची नव्हती. तिथे एक आख्खं सफाई खातं कामाला लागायचं होतं. ते जिवाणू वाढावेत म्हणून भाचा रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचा. शेजारची मुलं हसायची, "अरे, मासे कुठायत?" हा शांतपणे सांगायचा, "आधी पाणी तयार व्हावं लागतं." पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य व्हायला सहा आठवडे लागले.

मग मासे आले. तासभर ते कोपऱ्यात दबकून राहिले. नंतर त्यांतला एक हळूच पुढे सरकला, भिंतीतल्या गुहेत शिरला आणि तोंड बाहेर काढून आमच्याकडे पाहू लागला. भाच्याने माझा हात घट्ट धरला. तोंडाने मात्र काही बोलला नाही.

कधी मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग नक्की पाहा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू केलं. त्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं असून तिथल्या पाण्याखाली खरंखुरं प्रवाळ आहे. ते वरून डोळे भरून बघा, पण त्यावर पाय देऊ नका आणि त्याचा तुकडा उचलू नका. किनाऱ्यावर कुणी प्रवाळ विकायला आणलं, तर आई-बाबांनाही घेऊ देऊ नका. ऐकतील ते तुमचं! फक्त तो तुकडा केवढा आहे ते विचारा आणि त्याचं वय मोजून सांगा.