तुम्ही कुठल्या पाड्याचे?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मी राहतो ते कोलंबिया 1967 साली जेम्स राउस या बिल्डरनं आखून वसवलं. 2020 च्या जनगणनेत तिथली वस्ती 1,04,681 भरली. तरी त्याला महापौर नाही, नगरपालिका नाही. पोलीस, रस्ते, शाळा सगळं हॉवर्ड काउंटी, म्हणजे साधारण आपला जिल्हा, बघते. हे मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या एका सरकारी आश्रमशाळेच्या ओट्यावर बसून सातवीतल्या पोराला सांगत होतो, कारण त्यानं विचारलं होतं, "सर, तुम्ही कुठल्या पाड्याचे?"

"सरपंच कोण मग?"

"सरपंच नाही."

"ग्रामसेवक?"

"तोही नाही."

"दाखला कोण देतं?"

"जिल्हा."

"लांब पडत असंल," तो म्हणाला, आणि हात धुवायला निघून गेला.

त्याचा पाडा मी सकाळीच पाहिला होता. कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली थोडी घरं, खळ्यात नागलीची कणसं. गट ग्रामपंचायत, म्हणजे कार्यालय दुसऱ्या गावात, रेशन दुकान तिसऱ्याच. पाड्याच्या नावाची पाटी रस्त्यावर कुठेच नव्हती. शाळेत मात्र प्रत्येक पोराच्या पत्र्याच्या पेटीवर त्याच्या नावाखाली पाड्याचं नाव रंगवलेलं होतं. तालुक्याचा एवढा चांगला नकाशा मला दुसरीकडे मिळाला नाही.

आमच्याकडे पिवळी बस दाराशी येते आणि पोरं दुपारी घरी परततात. इथं पोरगं जूनमध्ये पेटी घेऊन येतं ते दिवाळीला घरी जातं. जेवण, अंथरूण, साबण, वह्या, आजारपण सगळं शाळेकडे. सहा-सात वर्षांची चिमुरडीसुद्धा आपली ताटली आपणच घासते. पहिल्यांदा मला हे कठोर वाटलं. मग ओढे पाहिले. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, खरशेत ग्रामपंचायतीतल्या शेंद्रीपाड्याच्या बाया लाकडी बल्ल्यांवरून तास नदी ओलांडून पाण्याला जात. वर्तमानपत्रांत फोटो आले, जानेवारी 2022 मध्ये लोखंडी पूल बसला आणि त्याच वर्षी जुलैच्या पुरानं तो निकामी केला. अशा मुलखात रोज शाळेला ये-जा म्हणजे काय, हे मेरीलँडच्या बसवाल्याला समजावणं कठीण.

खरा चक्रावलो तो पाण्यानं. पेठेत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या घरात, त्याच जिल्ह्यातल्या निफाडात त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी. पण इथलं पाणी उतारावरून दमणगंगेनं गुजरातेत निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरींचे तळ दिसतात. द्राक्षं पिकतात ती निफाड-दिंडोरीत, आणि त्या बागांच्या छाटणीला, विरळणीला माणसं जातात ती इथून. खरिपाचं धान्य घरात आलं की कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. मी गेलो तेव्हा पाड्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या होत्या. शाळा नसती तर ही पोरंही बागेच्या कडेला झोपडीत राहिली असती आणि हजेरीपटावर त्यांच्यापुढे नुसत्या फुल्या पडल्या असत्या. आश्रमशाळांविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, रास्तही आहेत. पण एवढं श्रेय त्यांचं त्यांना द्यायलाच हवं.

आणखी एक गोष्ट मला इथंच कळली. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि त्यावरचे राज्याचे 2014 चे नियम यांनुसार अनुसूचित क्षेत्रातला पाडा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो. ती मिळाली की ग्रामसभा त्याची स्वतःची. एक लाखाचं कोलंबिया आजही काउंटीच्याच दारात उभं आहे, आणि मूठभर घरांच्या पाड्याला एवढा हक्क! मी हरखून एका आजोबांना विचारलं, "बाबा, तुम्ही ठराव केला का?"

"करायचाय की," ते म्हणाले. "पण सह्या करणारी समदी दिंडोरीला गेलीत, द्राक्षांवर. होळीला येतील, तवा बघू."