रेव जाते, बाकीचं राहतं

कालवाला पळता येत नाही. अगदी लहान असताना ते दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग एखादा खडक धरतं आणि स्वतःला तिथे कायमचं चिकटवून घेतं. पाणी तापलं तर बांगडा दुसरीकडे जाईल. कालव जिथे बसलं तिथेच राहणार, आणि वरून जे येईल ते सोसणार.

माझी आत्या मालवणकडच्या एका खाडीकाठी राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी खोल लागली, खडक उघडे पडले, की ती आणि शेजारच्या बायका कोयती घेऊन कालवं काढायला जातात. मोठी कालवं गिऱ्हाइकाला, बारीक घरच्या सुक्याला. हे पैसे तिचे स्वतःचे. ते कोणाला विचारून खर्च करावे लागत नाहीत.

तिसऱ्या आणल्या की आत्या त्या काही तास मिठाच्या पाण्यात ठेवते. त्या तोंड उघडतात, वाळू बाहेर टाकतात. "रेव गेली की झाला," असं तिचं शास्त्र. मी पर्यावरणशास्त्र शिकतेय, आणि रेवेपुरतं आत्याचं शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे. जंतूंचंही साधारण तसंच. स्वच्छ पाण्यात दोन-तीन दिवस ठेवलं तर त्यातले पुष्कळसे निघून जातात. पण कॅडमियम किंवा तांबं आतड्यात नुसतं पडून नसतं. ते मांसातल्या प्रथिनांना बांधलं जातं. निघायला आठवडे, कधी महिने लागतात. आणि कालवण कितीही उकळा, धातू उकळून नाहीसा होत नाही.

हे धातू येतात कुठून? कारखान्याचं सांडपाणी आपल्याला लगेच आठवतं. पण होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यातही बहुतेक वेळा तांबं असतं. काही फॉस्फेट खतांमधून कॅडमियम येतं आणि पावसाबरोबर खाडीला मिळतं. पाण्यात त्याचं प्रमाण थोडंसंच. पण मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं, आणि त्या पाण्यातलं थोडं थोडं अंगात साठवत जातं.

आता यात उष्णता घाला. कालवाला आपल्यासारखं स्वतःचं ठरलेलं तापमान नसतं. पाणी जेवढं गरम, तेवढं त्याचं शरीर गरम. ढोबळमानाने दहा अंश वाढले की त्याचा जगण्याचा खर्च दुप्पट होतो. म्हणजे जास्त प्राणवायू हवा. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात २० अंशांना तो सुमारे ७.४ मिलिग्रॅम असतो, ३० अंशांना ६.२. गरज वाढली, पुरवठा घटला. मग कालव एका मर्यादेपर्यंत आणखी जोरात पाणी ओढतं, आणि त्या पाण्याबरोबर धातूही आत येतो. तो पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेलाच त्रास देतो. म्हणजे शक्ती सर्वांत जास्त लागते तेव्हाच ती कमी पडते.

अमेरिकेत इन्ना सोकोलोवा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली कालवांवर हेच तपासलं. २०, २४ आणि २८ अंशांचं पाणी, आणि त्यात कॅडमियम. पाणी जेवढं गरम, तेवढा त्याच कॅडमियमचा मार मोठा. शिवाय कॅडमियममुळे कालवांची उष्णता सोसण्याची ताकदही कमी झाली.

मला यातलं हेच सर्वांत अस्वस्थ करतं. विषाच्या चाचण्या सहसा ठरावीक तापमानाला होतात, आणि त्यावरून आपण "एवढं चालेल" असं म्हणतो. पण पाणी ठरावीक राहिलेलं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं. आमची खाडी त्याच समुद्राला मिळते.

मग आत्याला काय सांगायचं? "कालवं खाऊ नको" असं पुण्यातल्या खोलीत बसून म्हणणं सोपं आहे. त्याने होडीचा रंग बदलत नाही, खत बदलत नाही. फक्त एका बाईची कमाई जाते. शिवाय कालव संकटात आहे याचा अर्थ प्रत्येक ताट विषारी आहे असा होत नाही. ते मोजूनच कळतं.

मोजायची युक्ती जुनी आहे. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली सुचवलं, की शिंपल्यांनाच पहारेकरी करा. ते जागा सोडत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगात सापडेल ते त्या जागेचंच. अमेरिका १९८६पासून आपल्या किनाऱ्यावर असा पहारा चालवते. असा पहारा कोकणातल्या खाडीखाडीला हवा, आणि धातूच्या आकड्याशेजारी तापमानाचा आकडाही हवा.

गेल्या उन्हाळ्यात मी आत्याला एक साधा थर्मामीटर नेऊन दिला. ओहोटीची तिथी ती कॅलेंडरवरच बघते, त्याच चौकोनात आता पेनने तापमान लिहिते. मे महिन्यात तिचा फोन आला. "खाडी एकतीस, खडकातलं डबकं छत्तीस. आता ह्याचं काय करायचं गो?"

मी म्हटलं, लिहीत राहा. दुसरा आकडा घरी मोजता येत नाही. तो मागायला जाऊ, तेव्हा हे कॅलेंडर बरोबर घेऊ.